काटा लागल्यानंतर तीन आठवड्यांनी आलेली गाठ : नव्यानं बाग करणाऱ्यांसाठी स्पोरोट्रायकोसिसची माहिती

गुलाबाची छाटणी करताना काटा बोटात मोडला. सुईनं तो काढला, बोट नळाखाली धरलं आणि उरलेल्या फांद्या छाटायला घेतल्या. इतकंच घडलं होतं. बाग करणाऱ्याच्या हाताला असे काटे आठवड्यातून चार वेळा लागतात, ते कोण लक्षात ठेवतं? मीही ठेवला नाही. साधारण तीन आठवड्यांनी डाव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर मसुरीच्या दाण्याएवढी गाठ दिसू लागली. लालसर, थोडी जांभळट, हाताला घट्ट लागणारी. दुखत नव्हती, खाजतही नव्हती. वाटलं, पुळी असेल, बसेल. ती बसली नाही. दहा-बारा दिवसांत तिचं तोंड फुटलं आणि पातळ लस येऊ लागली. खपली धरायची आणि पुन्हा ओली व्हायची. अँटिबायोटिक गोळ्यांचा एक कोर्स झाला, मग दुसरा. तोवर मनगटाच्या वर, आतल्या बाजूला दुसरी गाठ आली आणि तिच्या चार बोटं वर तिसरी.

ज्या डॉक्टरांनी शेवटी हा आजार ओळखला, त्यांनी बोटावरच्या जखमेकडे फार वेळ पाहिलंच नाही. माझा हात उताणा ठेवला आणि आपला अंगठा मनगटापासून कोपरापर्यंत हळूहळू सरकवत नेला. कातडीखाली दोरीसारखं काहीतरी त्यांच्या अंगठ्याला लागत होतं आणि त्या दोरीवर गाठी होत्या. मग त्यांनी विचारलं, "बागेत काम करता का?" तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. जवळजवळ दोन महिने त्यात गेले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आजार कोणता आणि तो येतो कुठून

आजाराचं नाव स्पोरोट्रायकोसिस, आणि तो बुरशीमुळे होतो. 'गुलाबाच्या माळ्यांचा आजार' असंही त्याला म्हणतात, पण त्या नावानं गुलाबाला उगाच दोष लागतो. स्पोरोथ्रिक्स नावाची ही बुरशी मातीत, कुजत्या पाल्यापाचोळ्यात, जुन्या लाकडात, वाळक्या गवतात आणि शेवाळात राहते. काटा फक्त सुईचं काम करतो. त्याच्यावर बसलेली बुरशी तो कातडीच्या आत सोडतो. हेच काम लाकडाची कुसळ करू शकते, गवताचं धारदार पातं करू शकतं, कुंडी हलवताना खरचटलेली जागाही करू शकते. धडधाकट, न फाटलेल्या कातडीतून मात्र ती सहसा आत शिरत नाही. म्हणून मातीत हात घालायला घाबरू नका. सांभाळायची आहे ती फाटलेली कातडी.

या बुरशीची एक गोष्ट समजून घेतली की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं. ती दोन रूपांत जगते. बाहेर, २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात, ती कापसासारख्या बारीक तंतूंनी वाढते. शरीरात शिरली आणि ३५ ते ३७ अंशांची ऊब मिळाली, की तंतू सोडून लांबट, यीस्टसारख्या पेशींच्या रूपात जाते. हा बदल व्हायला आणि मग हळूहळू वाढायला तिला वेळ लागतो. काटा आज लागला तर गाठ उद्या येत नाही. ती एका आठवड्यापासून बारा आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकते, बऱ्याच जणांना तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते. तोवर काट्याची जागा भरून गेलेली असते आणि काट्याची आठवणही पुसलेली असते. सगळी गडबड इथेच होते.

हा आजार नवा नाही. बेंजामिन शेंक यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून १८९८ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. स्पोरोथ्रिक्स शेंकी हे बुरशीचं नाव त्यांच्यावरूनच आलं. तोही रुग्ण हाताच्याच गाठी घेऊन आला होता. पुढे १९४१ ते १९४४ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत जवळपास ३,००० कामगारांना हा आजार झाला. तिथे ना गुलाब होता ना बाग. छताला टेकू द्यायला लावलेल्या लाकडी खांबांवर बुरशी वाढली होती आणि त्या खांबांना घासून कामगारांची कातडी सोलवटत होती. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या पंधरा राज्यांत मिळून ८४ जणांना तो झाला. त्या साथीचा माग विस्कॉन्सिनमधून आलेल्या स्फॅग्नम मॉसपर्यंत पोचला. सूचिपर्णी झाडांची रोपं त्या शेवाळात गुंडाळून पाठवली होती आणि ती हाताळणाऱ्यांना लागण झाली. बागकामाला नव्यानं लागलेल्यांनी ही तिसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण ऑर्किड, टांगत्या कुंड्या, मॉस लावलेले दांडे असं काही करताना हेच शेवाळ आपण उघड्या हातांनी पिळत असतो.

आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात, उदाहरणार्थ हिमाचलमधल्या कांगडा भागात, या आजाराचे रुग्ण बऱ्याच काळापासून नोंदवले गेले आहेत. पेरूमधल्या आबांकाय परिसरात तो इतका नेहमीचा आहे की लहान मुलांच्या चेहऱ्यावरही दिसतो. ब्राझीलमध्ये, मुख्यतः रिओ दि जानेरोत, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तो मांजरांच्या ओरखड्यांतून आणि चाव्यांतून पसरतो आहे. तिथली बुरशी याच कुळातली, पण वेगळ्या जातीची आहे.

एवढं सगळं वाचून छाटणीची कात्री खाली ठेवू नका. लागलेल्या काट्यांपैकी बहुतेक काटे एक-दोन दिवस ठणकण्यापलीकडे काही करत नाहीत. हा आजार झालाच तरी धडधाकट माणसात तो साधारणपणे कातडीपुरताच राहतो आणि औषधानं पूर्ण बरा होतो. माणसाकडून माणसाला तो जवळजवळ कधीच लागत नाही. त्रास होतो तो उशिरा ओळखल्यामुळे.

पहिली पायरी : कामाला हात लावण्याआधी

हातमोज्यांबद्दल नव्या माणसांची एक समजूत असते, की कुठलेही घातले तरी चालतात. तसं नाही. विणलेल्या सुती मोज्यांतून गुलाबाचा काटा आरपार जातो. ओले झाले तर ते बुरशीला अंगाशी धरूनच ठेवतात. पातळ रबरी मोजे ओल्या मातीसाठी ठीक, काट्यांसाठी नाहीत. काटेरी झाडांना जाड चामड्याचे, मनगटाच्या वर चार बोटं तरी येणारे मोजे लागतात. माझा काटा बोटाला लागला खरा, पण गुलाबाच्या ताटव्यात हात खोल घातला की सगळ्यात जास्त ओरखडे मनगट ते कोपर या पट्ट्यात उठतात आणि तिथे मोजा नसतोच. म्हणून पूर्ण बाह्यांचा, जाड कापडाचा जुना सदरा बागेसाठी वेगळा ठेवा.

काम झालं की मोजे झटकून, उलटे करून वाळवा. पुढच्या वेळी घालण्याआधी बोटांच्या टोकांशी बाहेरून चाचपून बघा. मागच्या छाटणीचा काटा आतल्या बाजूला अडकून राहतो आणि मोजा घालताना थेट नखाच्या कडेला घुसतो.

हातावर आधीच चीर, सोलवटलेली जागा किंवा फुटलेला फोड असेल, तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीनं झाका आणि वर मोजा घाला. पालापाचोळा, कंपोस्ट आणि जुनं लाकूड हलवायच्या दिवशी हे विसरू नका. स्फॅग्नम मॉस किंवा वाळकं गवत हाताळायचं असेल तर आधी त्यावर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही. बुरशीचे बीजकण श्वासातून जाऊन फुप्फुसाला लागण होणं फार क्वचित घडतं, पण दम्यासारखा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यानं तेवढीही जोखीम घेऊ नये. त्यांनी मास्क लावावा.

पुढच्या काही जणांनी काटेरी आणि कुजक्या कामांत जास्त जपावं: मधुमेह असलेले, नियमित दारू घेणारे, एचआयव्ही असलेले, स्टिरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेले, अवयव-प्रत्यारोपण झालेले. यांच्यात ही बुरशी कातडीपुरती न थांबता हाडं, सांधे आणि क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते.

दुसरी पायरी : काटा लागलाच तर

काम थांबवा. "एवढी फांदी छाटून मग बघते" असं म्हणू नका, कारण मग आपण बघत नाही. मोजा काढा, वाहत्या पाण्याखाली साबणानं हात नीट धुवा. चिमटा आणि सुई स्पिरिटनं पुसून घ्या किंवा पाण्यात उकळून घ्या. काटा ज्या कोनात घुसला त्याच कोनात बाहेर ओढा, आडवा ओढला की तो आत मोडतो. मोडलाच आणि टोक वर दिसत असेल तर सुईनं वरची कातडी हलकेच उचलून तो मोकळा करा. जागा दाबून, पिळून काढायचा प्रयत्न करू नका. त्यानं काटा आणखी खोल जातो. निघाला की पुन्हा साबणानं धुवा, कोरडं करा, पट्टी लावा. बोट तोंडात घालायची सवय असेल तर ती आजच सोडा.

काटा सांध्याजवळ खोल गेला असेल, आतच राहिला असेल किंवा डोळ्याजवळ लागला असेल, तर घरी उकरत बसू नका. सांध्यात अडकलेला सल वेगळंच दुखणं निर्माण करतो. बुरशी नसली तरी सांधा सुजतो आणि महिनोन्महिने आखडून राहतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा लागतो.

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवा. माती लागलेली, खोल जखम असेल आणि लस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर डॉक्टरांना विचारून बूस्टर घ्या. तिचा या बुरशीशी संबंध नाही, पण काट्याशी नक्कीच आहे. या बुरशीवर मात्र कुठलीही लस उपलब्ध नाही.

आता सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम. दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवा: "गुलाबाचा काटा, डावी तर्जनी." चार शब्द. प्रत्येक बारीक ओरखड्याची नोंद ठेवायला मी सांगत नाही. रक्त निघालं, काटा मोडला किंवा सल खोल गेला, तेवढ्यांचीच ठेवा.

तिसरी पायरी : पुढचे तीन महिने काय बघायचं

पहिल्या दोन-तीन दिवसांत जागा लाल झाली, गरम लागली, ठणकू लागली, पू धरला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली, तर तो जीवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. तिथे वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

स्पोरोट्रायकोसिसची चाल याच्या उलट, संथ असते. जखम भरून गेल्यावर, कधी दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, त्याच जागी किंवा तिच्या शेजारी एक घट्ट गाठ येते. रंग गुलाबी, लाल किंवा जांभळट. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, तिथे बोटाला लागणारा घट्टपणा हीच खूण. ताप नसतो, दुखणं नसतं किंवा अगदी थोडं असतं. म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. मग ती फुटते, तिथे उथळ व्रण होतो, कडा थोड्या उचललेल्या असतात, पातळ लस येते, खपली धरते आणि आठवडे गेले तरी जागा सुकत नाही.

त्यानंतर काहींना ओळ सुरू होते. कातडीखालून लसिकावाहिन्या जातात. शरीरातला निचरा वाहून नेणाऱ्या या बारीक नळ्या हातातून काखेकडे आणि पायातून जांघेकडे चढतात. बुरशी त्यांच्यातून वर सरकते आणि वाटेत थांबेल तिथे नवी गाठ उठवते. बोट, मनगट, कोपराखालचा हात, कोपर अशा एकामागे एक. जखमेमुळे काखेत किंवा जांघेत अवधाण आल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. इथे वाट तीच, पण वाटेतच गाठींची रांग लागते. कातडीला होणाऱ्या या आजारात ही रांगेची तऱ्हा सर्वांत जास्त आढळते.

रांग नाही म्हणजे हा आजार नाही, असं मात्र समजू नका. काहींना एकच गाठ किंवा एकच खडबडीत, मस्सासारखा चट्टा येतो आणि तो महिनोन्महिने जागचा हलत नाही. चेहऱ्यावर, त्यातही मुलांच्या, हा प्रकार जास्त दिसतो.

नायटा म्हणून याची गल्लत करू नका. नायटा कातडीच्या वरच्या थरात पसरतो, गोल कडेनं वाढतो आणि भरपूर खाजतो. ही गाठ खोल असते, खाज बहुधा नसतेच. घरात पडलेलं नायट्याचं मलम इथे कामाचं नाही, कारण बुरशी आतल्या थरात बसलेली असते आणि मलम तिथवर पोचत नाही. ज्या मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं ती तर लावूच नका. वरची लाली उतरते, बरं वाटल्यासारखं होतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. पानांचे लेप, राख, तेल यांचंही तेच. उघड्या व्रणावर त्यानं आणखी एखादा संसर्ग ओढवतो.

गाठ दिसल्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. दोन आठवड्यांत गाठ बसली नाही, वाढली किंवा दुसरी आली, तर पुढच्या पायरीला या.

चौथी पायरी : डॉक्टरांना काय सांगायचं

शक्य असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. नसेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, पण पहिलं वाक्य गाठीबद्दल बोलू नका, काट्याबद्दल बोला. "डॉक्टर, मी बागकाम करते. अमुक तारखेला या बोटाला गुलाबाचा काटा लागला होता. तीन आठवड्यांनी इथे गाठ आली. अँटिबायोटिकनं फरक पडला नाही." या चार वाक्यांत निदानाचा अर्धा रस्ता संपतो. तुम्ही नुसतं "हाताला पुळी आलीय" म्हणालात तर डॉक्टरांना पुळीच दिसणार, यात त्यांचा दोष नाही. हा आजार रोज समोर येणाऱ्यांतला नाही. माझे दोन्ही आधीचे डॉक्टर मन लावून तपासणारे होते. त्यांच्या हातात काट्याची माहितीच नव्हती, कारण ती मी दिली नव्हती.

आणखी काही गोष्टी न विचारता सांगा. घरात मांजर आहे का, तिच्या नाकावर किंवा पंजांवर न भरणाऱ्या जखमा आहेत का. मत्स्यपेटी साफ करता का. वाळूमाशी चावण्याच्या प्रदेशात जाऊन आलात का. क्षयाचा इतिहास आहे का. हे वाचायला विचित्र वाटेल, पण हातावर अशीच गाठींची ओळ उठवणारे आणखी काही आजार आहेत. मत्स्यपेटीच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जीवाणू तसं करतो, मातीतला नोकार्डिया करतो, वाळूमाशीतून येणारा लेश्मानिया करतो आणि त्वचेचा क्षयही कधी असाच दिसतो. प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून नुसत्या नजरेवर औषध सुरू करण्यापेक्षा तपासणी झालेली बरी.

पाचवी पायरी : तपासणी, आणि एक छोटी बाटली

नायट्यासाठी करतात तशी, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची तपासणी इथे बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही, कारण जखमेत या बुरशीच्या पेशी फार थोड्या असतात. ती 'निगेटिव्ह' आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही. भरवशाची तपासणी म्हणजे कल्चर. गाठीचा बारीक तुकडा किंवा आतला पू घेऊन प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघतात.

तुकडा काढताना जागा बधिर करतात, पाच-दहा मिनिटांचं काम असतं, एखाददुसरा टाका पडतो. इथे एक बारकावा आहे. नेहमीच्या बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात आणि फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते. मेलेली बुरशी वाढणार कशी? म्हणून तुकड्याचे दोन भाग लागतात. एक फॉर्मेलिनच्या बाटलीत, पेशी बघण्यासाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनच्या बाटलीत, कल्चरसाठी. घाईगर्दीत दुसरी बाटली राहून जाऊ शकते. बायोप्सीच्या आधी नम्रपणे विचारा, "फंगल कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवणार ना?" हे विचारण्यात काही गैर नाही.

बुरशी बहुधा पाच ते सात दिवसांत दिसू लागते, पण प्रयोगशाळा चार आठवडे थांबते. वसाहत आधी पांढरट, ओलसर असते, मग तपकिरी-काळी पडते. माझी प्लेट मला दाखवली तेव्हा सूक्ष्मदर्शकातही बघू दिलं. बारीक दांड्याच्या टोकाला कणांचा गुच्छ, अगदी छोट्या डेझीच्या फुलासारखा. फुलांपायी आलेला आजार फुलासारखाच दिसावा, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

सहावी पायरी : औषध

कुठलं औषध, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. इथे जे लिहिते ते तुम्हाला त्यांचं म्हणणं नीट समजावं म्हणून. कातडीपुरत्या आजाराला सर्वसाधारणपणे इट्राकोनॅझोल देतात, बहुधा रोज २०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसांत ते सगळ्या जखमा भरल्यानंतरही आणखी दोन ते चार आठवडे चालू ठेवतात. एकूण काळ सहसा तीन ते सहा महिन्यांचा होतो. हाडा-सांध्यापर्यंत गेलेल्या आजाराला वर्षभर औषध लागतं आणि अंगभर पसरलेल्याला रुग्णालयात ॲम्फोटेरिसिन बीनं सुरुवात करावी लागते. मला पाच महिने गोळ्या होत्या.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी, जेवणासोबत घ्यायच्या असतात. पोटात आम्ल असेल तरच ते नीट शोषलं जातं. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर ती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे, नाहीतर महिनाभर कॅप्सूल घेऊनही रक्तात औषध पुरेसं चढत नाही. हेच औषध द्रवरूपात मिळतं तेव्हा मात्र ते रिकाम्या पोटी घेतात. दोन्हींची गल्लत करू नका. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी, उदाहरणार्थ सिम्व्हास्टॅटिनशी, ते चालत नाही. हृदय निकामी होण्याचा त्रास असेल तर ते टाळतात. यकृताची रक्ततपासणी मधून मधून करतात. भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, पायांवर सूज आली किंवा दम लागू लागला, तर गोळ्या थांबवून डॉक्टरांना लगेच कळवायचं. गरोदर असाल, तशी शक्यता असेल किंवा तसा विचार असेल, तर ते आधीच सांगा. या काळात या गोळ्या टाळतात. तेव्हा एका जागच्या गाठीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज ठरावीक वेळ शेक देण्याचा उपाय वापरतात, कारण ही बुरशी ३९-४० अंशांच्या वर नीट वाढू शकत नाही. हे आपल्या मनानं गरम पाण्याच्या पिशवीनं करू नका. भाजलेल्या कातडीची वेगळी जखम होते.

इट्राकोनॅझोल चालत नसेल तेव्हा टर्बिनाफिन देतात. शंभर वर्षांहून जुनं औषध म्हणजे पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण. थेंबांनी सुरू करतात आणि थेंबाथेंबानं वाढवत नेतात. खाणकामगारांच्या त्या साथीतही तेच वापरलं गेलं. ते नेमकं काम कसं करतं हे अजून पुरतं उलगडलेलं नाही, तरी कातडीच्या आजारात ते गुण देतं. तोंडाला धातूसारखी चव येणं, लाळग्रंथी सुजणं, मळमळ, पुरळ हे त्याचे त्रास. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी ते आवर्जून सांगावं. गरोदरपणात तेही देत नाहीत.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, याची तयारी ठेवा. मलाही तेव्हा वाटलं होतं की निदान चुकलं. मग आधी सगळ्यात वरची, शेवटी आलेली गाठ मऊ पडली. बोटावरची पहिली जखम सगळ्यात शेवटी भरली. ती भरली त्या दिवशी गोळ्या बंद करायचा मोह फार होता. बंद केल्या असत्या तर उरलेल्या पेशींनी पुन्हा डोकं वर काढलं असतं.

सातवी पायरी : औषध चालू असताना घर आणि बाग

घरच्यांपासून वेगळं राहायची, भांडी वेगळी ठेवायची काही गरज नाही. माझ्या धाकट्या भाचीनं महिनाभर माझ्याशेजारी बसायचं टाळलं, कुणीतरी तिला 'बुरशी लागते' असं सांगितलं होतं. तिला जवळ बसवून हात दाखवला, तेव्हा कुठे तिची भीती गेली. जखम स्वच्छ, कोरडी पट्टी लावून झाका, पट्टी बदलल्यावर हात धुवा, एवढं पुरे.

बागेत जाऊ शकता, पण उघडी जखम असेतो त्या हातानं माती, खत, छाटणी नको. पाणी घालणं, दुरून बघणं चालेल. ज्या झाडानं काटा दिला ते उपटून टाकू नका, बुरशीनाशकही फवारू नका. बुरशी त्या एका झाडात नाही, मातीत आणि पाचोळ्यात सगळीकडे थोडी थोडी असते आणि फवारून ती जात नाही. बदलायचे ते मोजे. कात्री आणि खुरपं साबणानं धुऊन, वाळवून ठेवा. घरच्या मांजराला न भरणारी जखम असेल तर पशुवैद्याला दाखवा आणि तिला हाताळताना मोजे घाला.

गोळ्या संपल्यावर डॉक्टर पुन्हा बोलावतील, ती भेट चुकवू नका. त्यानंतरही काही महिने, आठवड्यातून एकदा, जुन्या जागांवरून बोट फिरवून बघा. वण राहतो, माझ्या तर्जनीवर तो अजून आहे, फिकट आणि किंचित खोलगट. वण सपाट आणि मऊ लागतो. बोटाखाली पुन्हा दाण्यासारखं घट्ट काही लागलं, किंवा सुकलेली जागा ओली झाली, तर जुने फोटो, कल्चरचा अहवाल आणि दिनदर्शिकेवरची ती तारीख घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा.